परदेशगमनाची तयारी व मुलांची भाषा

गेल्या महिन्यांत आमचा एक जुना विद्यार्थी निरोप घेण्यासाठीं सहकुटुंब घरीं आला. त्यास अमेरिकेंत नोकरी मिळाली असून पत्नी व चार वर्षांचा मुलगा यांसह तो लवकरच निघणार आहे. चहा होईपर्यंत तयारीचें वर्णन चाललें होतें, आणि तें ऐकून त्या उभयतांच्या चिकाटीचें आम्हांस खरोखर कौतुक वाटलें. मुलाचा जन्मदाखला, गोवर-पोलिओ-कांजिण्यांच्या लसींचा तारीखवार तक्ता, दांतांच्या डॉक्टरांकडील खेप, थंडीचे कपडे, दोन कुकर, लहानसें पोळपाट-लाटणें, मेतकूट व भाजणी यांचीं वजन करून बांधलेलीं पुडकीं. माणशीं २३ किलोंच्या दोन बॅगा, आणि त्या तोलण्यासाठीं घरांत आणलेला हातकांटा. एवढी काटेकोर तयारी आमच्या पिढींतील माणसें मुलीच्या लग्नाचीहि करीत नसत!

इतक्यांत आमच्या मातोश्री बाहेर आल्या. त्यांनीं मुलास जवळ घेऊन विचारलें, "काय रे राजा, विमानांत बसणार म्हणे तूं! मला नेशील का?" मुलगा बापाच्या तोंडाकडे पाहूं लागला. बापानें तें वाक्य इंग्रजींत फिरवून त्यास सांगितलें, आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "सर, सध्यां आम्ही दोघेंहि घरीं त्याच्याशीं इंग्लिशच बोलतों. तिकडे शाळेंत बिचाऱ्याचें अडायला नको." गेल्या दिवाळींत ह्याच मुलानें त्याच कोचावर बसून आमच्या मातोश्रींस चिऊकाऊची गोष्ट अथपासून इतिपर्यंत सांगितली होती, आणि कावळ्याचें घर वाहून गेल्यावर त्यास नवीन फ्लॅट मिळाला अशी पदरची भरहि घातली होती. सहा महिन्यांत तो मुलगा मुका झाला असें आम्ही म्हणत नाहीं. पण आमच्या मातोश्रींपुरता तो मुका झाला होता.

निरोपाच्या प्रसंगीं वाद घालूं नये म्हणून आम्ही गप्प बसलों. तेव्हां जें बोलावयाचें राहिलें तें येथें मांडीत आहों. हें एकच उदाहरण असतें तर लेखाचें कारण नव्हतें. परंतु गेल्या तीन वर्षांत परदेशीं निघालेलीं अशीं चार कुटुंबें आमच्या पाहण्यांत आलीं आणि चारहि घरांत हाच प्रकार. त्यांपैकीं एक कुटुंब तर जर्मनीस जाणारें होतें. तेथील सरकारी शाळा जर्मन भाषेंत चालते, शेजारपाजार जर्मन, मैदानावरचीं मुलें जर्मन. आणि त्यासाठीं तयारी कशाची, तर इंग्रजीची! यावरून हा सगळा व्यवहार विचारपूर्वक चालला आहे कीं केवळ भीतीपोटीं, याचा निर्णय वाचकांनींच करावा.

प्रतिपक्षाचें म्हणणें आम्ही प्रामाणिकपणें मांडतों. मूल परक्या देशांत, परक्या वर्गांत एकटें बसणार. त्यास तहान लागली हें सांगतां आलें नाहीं, खेळांत कोणी घेतलें नाहीं, तर त्याच्या जिवाचे हाल होतील. आईबापांस हें चित्र रात्रीं झोंप लागूं देत नाहीं. ही चिंता खरी आहे, आणि तिची थट्टा करणारा माणूस स्वतः बाप झालेला नसावा. परंतु चिंता खरी असली म्हणजे तिच्यावरचा उपाय खरा असतोच असें नाहीं.

दोन भाषांनीं मुलाच्या डोक्यांत गोंधळ होतो, हा समज आजचा नाहीं. १९२३ सालीं सेअर नांवाच्या अभ्यासकानें वेल्समधील मुलांची बुद्धिमापनें प्रसिद्ध केलीं. त्यांत खेड्यांतील द्विभाषिक मुलें मागें पडलेलीं दिसलीं, आणि तेवढ्यावर दोन भाषा म्हणजे बुद्धीस ओझें अशी हाकाटी झाली. शहरांतील मुलांत तसा फरक आढळला नव्हता, ही गोष्ट मात्र कोणी लक्षांत ठेवली नाहीं. पुढें १९६२ मध्यें पील व लॅम्बर्ट यांनीं कॅनडांतील मॉन्ट्रिऑल शहरीं सारख्या सांपत्तिक स्थितींतलीं दहा वर्षांचीं मुलें निवडून तुलना केली, तेव्हां दोन भाषा चांगल्या येणारीं मुलें मागें तर नव्हतींच, उलट सरस ठरलीं. द्विभाषिकतेपासून बुद्धीस होणारा हा लाभ कितपत खरा, यावर विद्वानांचा वाद अद्याप चालू आहे. आम्हांस त्या लाभाची गरजहि नाहीं. तोटा नाहीं, एवढें आमच्या कामास पुरे आहे.

आतां वर्गांत अडण्याचा प्रश्न. ज्या देशास हीं माणसें निघालीं आहेत त्या देशानें त्याचें उत्तर अर्ध्या शतकापूर्वींच देऊन ठेवलें आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधील चिनी मुलांना इंग्रजी येत नसतांना तशींच वर्गांत बसविलें, म्हणून त्यांच्या पालकांनीं दावा लावला. आणि १९७४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें 'लाउ विरुद्ध निकोल्स' या खटल्यांत निवाडा दिला कीं, अशा मुलांस भाषेचें साहाय्य न देणें म्हणजे त्यांस शिक्षणापासून वंचित ठेवणें होय, आणि तें १९६४ च्या नागरी हक्कांच्या कायद्याविरुद्ध आहे. म्हणजे मुलास इंग्रजी शिकविण्याची जबाबदारी तेथील सार्वजनिक शाळेवर आहे, आणि त्यासाठीं तेथें शिक्षक नेमलेले असतात. मूल शाळेंत घालतांना पालकांकडून एक पत्रक भरून घेतात. मूल प्रथम कोणती भाषा शिकलें, घरांत कोणती बोलली जाते, असे प्रश्न त्यांत असतात. आमच्यापैकीं कित्येक सुशिक्षित पालक तेथें बेधडक 'इंग्रजी' असें लिहितात, असें तेथून आलेल्या मंडळींनीं आम्हांस सांगितलें. मुलावर कच्चेपणाचा शिक्का बसूं नये हा हेतु. परिणाम असा कीं, जें साहाय्य मुलाच्या हक्काचें, तेंच आईबाप खोटें लिहून नाकारतात, आणि मग तें खोटें खरें करून दाखविण्यासाठीं घरांतली भाषा बंद करतात!

इंग्रजी येईल कीं नाहीं याची चिंता करणें म्हणजे पावसांत उभें राहून अंग भिजेल कीं नाहीं याची चिंता करणें होय. शाळा, मैदान, दूरदर्शन, दुकान, शेजारचीं पोरें, सगळीकडून ती भाषा त्या चार वर्षांच्या मुलावर कोसळणार आहे. पहिले कांहीं महिने तें गप्प राहील, रडेल. पुढें बोलूं लागेल, आणि कांहीं वर्षांत बापाचे उच्चार सुधारूं लागेल. जी वस्तु तेथें विनामूल्य आणि विनासायास मिळणार, ती येथून बांधून नेण्यासाठीं जी वस्तु तेथें कोठेंहि मिळणार नाहीं ती बॅगेंतून बाहेर काढून ठेवावयाची, हा हिशेब कोणत्या व्यापाऱ्यानें मान्य केला असता?

कोणी म्हणेल, मातृभाषा ती, रक्तांतली. ती कोठें जाते? हा भ्रम फार गोड आहे आणि साफ खोटा आहे. भाषा रक्तांत नसते, कानांत असते. कोरियांत जन्मलेल्या आणि तीन ते आठ वर्षांच्या वयांत फ्रान्समधील कुटुंबांनीं दत्तक घेतलेल्या माणसांची परीक्षा पालिये व त्यांच्या सहकाऱ्यांनीं घेतली व ती २००३ मध्यें प्रसिद्ध केली. हीं माणसें मायदेशांत कोरियन बोललेलीं, कांहीं तर शाळेंत जाण्याच्या वयाचीं. मोठेपणीं त्यांस अनेक परक्या भाषांतून कोरियन वाक्य निवडून काढतां येईना; ज्यांनीं ती भाषा जन्मांत ऐकली नव्हती अशा फ्रेंच माणसांहून त्यांची स्थिति निराळी नव्हती. पुढें २०१४ सालीं मॉन्ट्रिऑलमधील संशोधकांनीं चीनमधून लहानपणीं दत्तक आलेल्या मुलींच्या मेंदूंत जुन्या भाषेच्या सुरांची पुसट खूण राहते असें दाखविलें. पण खूण राहणें निराळें आणि आजीशीं बोलतां येणें निराळें. त्या मुलांना आईबापच नव्हते. त्यांची भाषा सुटली यांत नवल नाहीं. आमच्या मुलांना आईबाप आहेत, ते रोज जवळ बसून जेवतात, आणि तरीहि त्यांची भाषा ते स्वहस्तें तोडतात.

आम्ही तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी साहित्य शिकवीत आलों. त्या भाषेवर आमचें पोट भरलें, आणि तिच्यांतील थोर ग्रंथांनीं आमचें मन घडविलें. तिच्याशीं आमचें वैर असण्याचें कारण नाहीं. पण ह्याच अधिकारानें आम्हांस एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. आमच्या पदवीधरांचें इंग्रजी तें परीक्षेचें व कचेरीचें इंग्रजी असतें. त्यांत मुदत मागतां येते, अहवाल लिहितां येतो, वरिष्ठांची क्षमा मागतां येते. रात्रीं दोन वाजतां कान ठणकत असलेल्या मुलास कुशींत घेऊन काय बोलावें, तें त्यांत नसतें. त्या दिवशीं आमच्या दिवाणखान्यांत हा विद्यार्थी व त्याची पत्नी मुलाशीं जें इंग्रजी बोलत होतीं तें आम्हीं मुद्दाम कान देऊन ऐकलें. बस, हात लावूं नकोस, खाऊन टाक, थँक्यू म्हण, बूट घाल. तासाभरांत आज्ञार्थावांचून दुसरें क्रियापद आमच्या कानीं पडलें नाहीं. तेंच जोडपें आपसांत बोलूं लागलें कीं चेष्टा, टोमणे, लाडीगोडी, उलटसुलट म्हणी, सगळें भराभरा बाहेर येई. तीं दोघें मराठींत विलक्षण गमतीदार माणसें आहेत. 'लबाडा', 'गुलामा' अशी शिवी देऊन मुलाचा पापा घेणारी आई इंग्रजींत काय म्हणणार? आपल्याजवळ असलेली भरजरी शाल पेटींत ठेवून मुलाच्या अंगावर कचेरींतलें फडकें घालावयाचें, असा हा प्रकार आहे.

व्याकरणाची एक लहानशी गोष्ट सांगतों. इंग्रजींत 'वुई' हा एकच शब्द. मराठींत 'आम्ही' निराळें आणि 'आपण' निराळें. 'आम्ही जेवायला जातों' म्हटलें तर ऐकणारा बाहेर राहिला. 'आपण जेवायला जाऊं' म्हटलें कीं तो पंगतींत आला. तीन वर्षांचें मराठी मूल हा भेद न चुकतां करतें. आईला 'अगं', आजोबांना 'अहो', आजीला मात्र 'तूं', हेंहि त्यास कोणी शिकवीत नाहीं. मामा, काका, आत्या, मावशी यांची दोन शब्दांत झालेली खिचडी तर सर्वांस ठाऊकच आहे.

आतां घरची हकीकत. आमचे धाकटे बंधु १९९८ सालीं अमेरिकेस गेले तेव्हां आमची पुतणी पांच वर्षांची होती. त्यांनीं शेजाऱ्यांच्या सल्ल्यानें हाच मार्ग धरला. मुलगी हुशार निघाली, डॉक्टर झाली. दोन वर्षांपूर्वीं ती एकटी आजीस भेटावयास आली. दोघी पलंगावर हातांत हात घेऊन बसल्या आणि मध्यें दुभाष्या म्हणून आम्ही. आमच्या मातोश्रींनीं तिला तिच्या बापाच्या लहानपणची एक गोष्ट सांगण्यास आरंभ केला. पानशेतच्या पुरांत, १९६१ सालीं, घर गेल्यावर नातलगांकडे दिवस काढले, त्यानंतर कित्येक वर्षांनीं ह्या मुलाचा जन्म झाला, तेव्हां त्याचें पहिलें अंगडें कशाचें शिवलें, कोणी काय बोललें, आजेसासूबाईंनीं कशी ओटी भरली. म्हातारी रंगून सांगत होती, मध्येंच हंसत होती, मध्येंच डोळे पुशीत होती. आम्ही इंग्रजीचे प्राध्यापक. आणि आम्हांस त्यांतलें निम्मेंहि तिकडे पोहोंचवितां येईना. अखेर मुलीनें विचारलें, आजी काय म्हणाली? आम्हीं सांगितलें, तूं फार वाळलीस असें म्हणते. मुलीनें आजीकडे पाहून मान डोलावली. आमच्या तीस वर्षांच्या अध्यापनांत एवढें लबाड भाषांतर आम्हीं दुसरें केलें नाहीं.

आणि बंधूंनाच दोष कां द्यावा? आम्हीं स्वतः पुणें न सोडतां हें पाप केलें आहे. मुलीस बालवर्गांत प्रवेश मिळावा म्हणून चार महिने आम्ही घरांत तिच्याशीं इंग्रजी बोललों. प्रवेश मिळाला. त्या चार महिन्यांत ती आमच्याजवळ येऊन कांहीं सांगत नसे, एवढें आम्हांस पक्कें आठवतें. आमच्या मातोश्री त्या वेळीं घरांत होत्या, त्यांनीं आमचें कांहींएक ऐकलें नाहीं, म्हणून ती मुलगी वांचली.

'आम्ही कोठें परत येणार आहों?' असाहि एक युक्तिवाद असतो. १८८३ मध्यें पंडिता रमाबाई 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या उत्पन्नांतून भाडें भरून इंग्लंडास निघाल्या, तेव्हां मनोरमा अवघी दोन वर्षांची होती. विलायतेनंतर अमेरिका; आणि परत आल्यावर अमेरिकेचें वर्णन रमाबाईंनीं १८८९ सालीं लिहिलें तें मराठींत. ती मुलगी पुढें केडगांवीं आईच्या खांद्यास खांदा लावून इथल्याच अनाथ स्त्रियांत काम करणार आहे, हें बोटीवर चढतांना कोणास ठाऊक होतें? आजच्या नोकरदारास तर स्वतःचें पुढचें वर्षहि ठाऊक नसतें. एच-१बी परवाना प्रथम तीन वर्षांचा, वाढवून साधारणतः सहांचा. कायम वास्तव्याच्या रांगेंत भारतीयांना वर्षानुवर्षें तिष्ठावें लागतें. नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास फार तर साठ दिवस. ज्यांचें आसन एवढें डळमळीत, त्यांनीं परतीचा पूल स्वतः मोडावा? आणि परत आलेलें मूल महाराष्ट्रांतल्या शाळेंत गेलें तर २०२० च्या कायद्यानें तेथें मराठी हा विषय सक्तीचा आहे. अमेरिकेंत अडूं नये म्हणून विसरलेली भाषा मग येथें शिकवणी लावून शिकावी लागेल!

परक्या मुलखांत घरची भाषा टिकतच नाहीं, असें ज्यांस वाटतें त्यांनीं तंजावराकडे पाहावें. सतराव्या शतकांत व्यंकोजीराजांबरोबर व त्यांच्यामागून जीं कुटुंबें कावेरीकांठीं गेलीं, त्यांचें राज्य १८५५ सालीं शेवटचे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर खालसा झालें. त्यानंतर दरबार नाहीं, शाळा तमिळ व इंग्रजी, बाजार तमिळ. तरीहि तेथल्या कित्येक घरांत आजतागायत मराठी बोलली जाते. तिचा बाज निराळा, तींत तमिळ शब्द पुष्कळ, आपल्याकडील पंडितांनीं नाक मुरडावें अशी. पण बोलली जाते. ती टिकली ती स्वयंपाकघरांत आणि माजघरांत. पुस्तकांनीं टिकविली नाहीं, संमेलनांनीं तर नाहींच.

संमेलनांचा उल्लेख आला म्हणून सांगतों. लंडनचें महाराष्ट्र मंडळ १९३२ पासूनचें, उत्तर अमेरिकेंतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासूनचें. त्यांचे गणेशोत्सव, नाटकें, आणि विशेषतः आठवड्यांतून एकदां स्वखुशीनें मराठी शाळा चालविणाऱ्या स्त्रीपुरुषांचे श्रम यांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु सोमवार ते शनिवार घरांत एक शब्द न बोलतां रविवारीं तासभर मुलास 'कमळ-गवत' गिरविण्यास पाठवावयाचें, म्हणजे सहा दिवस उपाशी ठेवून सातव्या दिवशीं पोषणावर व्याख्यान देण्यासारखें आहे. तेथील शिक्षिका काय करील?

मग करावें तरी काय? आमच्या मतें निघण्यापूर्वींचे सहा महिने मराठीच अधिक बोलावी. आजीआजोबांकडे मुलास महिनाभर ठेवावें. त्यांच्या गोष्टी त्यांच्याच आवाजांत फोनवर भरून घ्याव्या. पांच-सहा वर्षांचें मूल असेल तर अक्षरें लागावीं एवढें वाचन येथेंच करून घ्यावें. बालभारतीचें पहिलीचें पुस्तक बॅगेंत फार जागा अडवीत नाहीं, एक भाजणीचें पुडकें कमी केलें तर दहा गोष्टींचीं पुस्तकें मावतात. तेथें गेल्यावर उंबऱ्याच्या आंत मराठी हा नियम आईबापांनीं प्रथम स्वतःस लावून घ्यावा. शाळेच्या पत्रकावर घरची भाषा मराठी असें स्वच्छ अक्षरांत लिहावें. वर्षा-दोन वर्षांत मूल इंग्रजींत उत्तरें देऊं लागेल, देऊं द्यावीं. आपण मात्र प्रश्न मराठींतच विचारावा. आठव्या-नवव्या वर्षीं तें मित्रांदेखत लाजेल, 'माझ्याशीं तसें बोलूं नका' म्हणेल, आणि तो दिवस आईबापांस फार जड जाईल. येथें आमच्याजवळ तयार तोडगा नाहीं. चिकाटी एवढेंच सांगतां येतें, आणि ती ह्या मंडळींजवळ भरपूर आहे, हें त्यांचा लसींचा तक्ता पाहूनच आमच्या ध्यानांत आलें. कॅलिफोर्नियाच्या सरकारनें २०११ सालीं कायदा करून, इंग्रजीबरोबर दुसरी भाषा उत्तम येणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालांत प्रमाणपत्रावर विशेष मुद्रा उमटविण्याची व्यवस्था केली आहे. जी भाषा लपविण्यासाठीं आम्ही येथून धडपडतों, तिचा तो देश असा गौरव करतो.

हा लेख छापावयास देण्यापूर्वीं आम्हीं त्या विद्यार्थ्यास वाचावयास पाठविला, कारण त्याच्या पाठीमागें त्याच्या घरांतली गोष्ट सांगणें आम्हांस बरें वाटेना. त्यानें छापण्यास संमति दिली आहे; इतर मजकुराविषयीं मात्र उत्तर दिलेलें नाहीं. त्यांचें विमान येत्या मंगळवारीं रात्रीं आहे. आदल्या दिवशीं संध्याकाळीं मुलास घेऊन पुन्हां एकदां यावें, असा आमच्या मातोश्रींनीं त्यास निरोप धाडला आहे.